परत आलेला दावा

मार्कंड्याला वैनगंगा आपली दक्षिणेची वाट क्षणभर सोडून उत्तरेकडे वळते, आणि त्या वळणावर उभ्या असलेल्या पुरातन मंदिरसमूहापुढे महाशिवरात्रीला केवढी गर्दी लोटते हे विदर्भातील वाचकांस सांगावयास नको. परंतु डिसेंबरच्या अखेरीस, जेव्हा धानाची कापणी होऊन खळ्यांवर चुरणी चाललेली असते आणि नदीच्या पात्रात वाळूचे पट्टे उघडे पडू लागतात, तेव्हा हा परिसर फार शांत असतो. अशाच एका सकाळी चामोर्शी तालुक्यातील एक शेतकरी आपल्या बारावीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आला. नागपूरच्या केंद्रावर मुलीने क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेची, उत्तरपत्रिका भरली होती. निकाल लागला होता, आणि तिचा क्रमांक प्रवेशाच्या आसपासही नव्हता. बाप ओसरीवर टेकला आणि म्हणाला, “पोरगी पुन्हा बसतो म्हणते जी. बसवावं का नाही, तुम्ही सांगा.”

माझी हयात अर्जनविसीत गेली. वारसाच्या नोंदी, जातीच्या दाखल्यांचे अर्ज, कज्ज्यातील कैफियती आणि गेली पंधरा-सोळा वर्षे मुख्यत्वे वनहक्काचे दावे, हे लिहून देण्यापलीकडे माझी विद्वत्ता नाही. कायद्याच्या विद्यापीठाची पायरी मी चढलेलो नाही. तथापि फेटाळलेला कागद हातात घेऊन दारात उभा राहिलेला मनुष्य मी इतक्या वेळा पाहिला आहे, की त्या मुलीच्या प्रश्नाचे स्वरूप मला अपरिचित वाटले नाही. दावा परत आला म्हणजे माणूस दोन चुका करतो: एक तर तोच दावा, त्याच कागदांसह, अधिक आवेशाने पुन्हा दाखल करतो, नाही तर आपला हक्कच नव्हता असे समजून घरी बसतो. वास्तविक वनहक्क कायद्याखालील नियमांनी फेटाळलेल्या दाव्यावर साठ दिवसांत वरच्या समितीकडे जाण्याची मुभा ठेवलेली आहे. परंतु त्या मुभेचा उपयोग त्यालाच होतो, जो परत आलेल्या कागदावरील शेरा नीट वाचतो आणि ज्या पुराव्याची उणीव दाखविली असेल तो, जुन्या निस्तार पत्रकातील नोंद असो की गावातील वयोवृद्धाचा जबाब असो, शोधून जोडतो. दिवाणी न्यायालयातील पुनर्विलोकनाचा अर्जही याच तत्त्वावर चालतो: निकाल आवडला नाही एवढे कारण तेथे पुरत नाही, पूर्वी हाती न लागलेला नवा पुरावा दाखवावा लागतो किंवा अभिलेखात उघड दिसणारी चूक.

म्हणून मी त्या मुलीला प्रथम एवढेच विचारले, की नवा पुरावा काय आणणार?

तिला प्रश्न कळला नाही, आणि त्यात तिचा दोष नव्हता. कारण या परीक्षेसंबंधी घरोघर जी चर्चा होते ती क्रमांकाची होते, प्रश्नपत्रिकेची होत नाही. तिने प्रश्नपत्रिकेची पुस्तिका पिशवीत आणली होती. आम्ही ती उघडली, एका वहीत रकाने आखले, आणि दुपारपर्यंत एकेक प्रश्न रुजू करीत बसलो. सध्या या परीक्षेत १२० प्रश्न आणि १२० मिनिटे असतात. बरोबर उत्तरास एक गुण मिळतो व चुकीच्या उत्तरास पाव गुण कापला जातो. आणि प्रश्न सुटे नसून सुमारे साडेचारशे शब्दांचे उतारे देऊन त्यांवर विचारलेले असतात. मुलीने ८८ प्रश्न सोडविले होते, त्यांपैकी ५८ बरोबर व ३० चूक. म्हणजे साडेसात गुण वजा जाऊन हाती साडेपन्नास. इथपर्यंतचा हिशेब तिला ठाऊक होता. ठाऊक नव्हते ते हे, की जे ३२ प्रश्न कोरे राहिले ते सर्वच्या सर्व पत्रिकेच्या शेवटी होते: गणिताचे बाराही आणि तर्काच्या चोविसांपैकी वीस. ते तिला आले नाहीत असे नव्हे. तिने ते वाचलेच नव्हते. तिचे सारे शिक्षण मराठी माध्यमात झालेले, परीक्षा केवळ इंग्रजीत, आणि प्रत्येक उतारा समजण्यासाठी तिला दोनदा वाचावा लागत होता. इंग्रजीच्या चोविसांपैकी एकोणीस उत्तरे तिने अचूक दिली होती, परंतु त्या अचूकतेची किंमत तिने वेळाच्या रूपाने मोजली होती.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटली. कायदेविषयक तर्काच्या बत्तीस प्रश्नांत तिची अकरा उत्तरे चुकली होती, आणि त्यांतील सात एकाच प्रकाराने चुकली होती. या विभागात उताऱ्यातच नियम सांगितलेला असतो, पुढे एक प्रसंग रचलेला असतो, आणि तो नियम त्या प्रसंगास लावून निष्कर्ष काढावयाचा असतो. पूर्वीचे कायद्याचे ज्ञान येथे अपेक्षित नसते. मुलीने सातही ठिकाणी नियम बाजूला ठेवून आपल्या मनास जे न्याय्य वाटले ते उत्तर दिले होते. एका प्रसंगात गरीब कुळाचा पराभव होत होता. तिने त्याला जिंकून दिले होते. मी त्या उत्तरावर बोट ठेवले तेव्हा ती काही वेळ पत्रिकेकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “पण हे बरोबर नाही ना जी.” ते बरोबर नसेलही. नियम अन्याय्य असेल तर तो बदलून घेण्याचे मार्ग आहेत. पण तो आधी जसा आहे तसा वाचता आला पाहिजे, आणि हे ज्याला साधत नाही त्याचा अशील बुडतो, हे मी कचेरीच्या आवारात अनेकदा पाहिले आहे.

तेव्हा या मुलीच्या बाबतीत उणीव दोन प्रकारची निघाली, आणि दोन्ही अशा, की ज्या वर्षभराच्या अभ्यासाने भरून निघतात. वाचनाचा वेग हा साठत जाणारा गुण आहे. रोज एक इंग्रजी अग्रलेख घड्याळ लावून वाचणाऱ्याचा वेग सहा महिन्यांत वाढतोच वाढतो. नियम लावण्याची शिस्तही तशीच. याउलट चालू घडामोडींच्या प्रश्नांचा अभ्यास साठत नाही. गेल्या वर्षी पाठ केलेले बरेचसे पुढील वर्षी शिळे होते, आणि ज्याचे गुण मुख्यतः तेथेच गेले असतील त्याने पुनःपरीक्षेचा फायदा आहे त्याहून मोठा समजू नये. ज्याने संपूर्ण पत्रिका वेळेत वाचली, काळजीपूर्वक सोडविली, वर्षभर सराव केला होता आणि तरीही ज्याच्या चुका सर्व विभागांत सारख्या विखुरलेल्या आहेत, त्याला मी पुन्हा बसण्याचा सल्ला सहसा देणार नाही. त्याच्यापाशी नवा पुरावा नाही.

आता वर्षाचा हिशेब. आमच्या भागात बारावीनंतरचे एक वर्ष रिकामे जाणे ही गोष्ट शहरातल्याइतकी सोपी नाही. उन्हाळ्यात तेंदूपानाचा हंगाम येतो, पावसात रोवणीला माणसे लागतात. घरात बसलेल्या मुलाला काम सांगितले जाते आणि घरात बसलेल्या मुलीला स्थळे सांगून येतात. बापाच्या मनात हेच होते, आणि त्याने ते बोलून दाखविले नाही तरी मला दिसत होते. म्हणून मी त्याच्यापुढे साधी बेरीज मांडली. क्लॅट देऊन किंवा राज्याच्या सीईटीतून पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास लगेच प्रवेश मिळाला तर वकिलीची पदवी पाच वर्षांत. एक वर्ष थांबून मग प्रवेश घेतला तर सहा. आणि प्रथम बी. ए. होऊन नंतर तीन वर्षांचा एलएल. बी. केला तरीही सहाच. म्हणजे थांबलेले वर्ष हे, पदवीनंतर कायद्याकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याच्या तुलनेत, वाया गेलेले वर्षच नव्हे. उलट एखाद्या विधी महाविद्यालयात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेऊन, तेथे शिकता शिकता पुन्हा क्लॅट द्यावी असा जो मार्ग पुष्कळजण सुचवितात, त्यातील धोका फारसा कोणी सांगत नाही: बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनी मधल्या वर्षात प्रवेश देण्यास मनाई केलेली आहे, तेव्हा दुसरीकडे प्रवेश मिळाला तर पुन्हा पहिल्या वर्षापासूनच सुरुवात, आणि भरलेली फी गेली ती गेली.

वयाची भीती मात्र बाळगू नये. त्याच नियमांत पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी सर्वसाधारणपणे वीस वर्षांची कमाल मर्यादा होती. ती मध्यंतरी मागे घेतली गेली, २०१६ मध्ये पुन्हा लागू करण्यात आली, आणि मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. क्लॅटला आज वयाची कमाल अट नाही, आणि कितीदा बसावे यावर बंधन नाही. परीक्षा स्वतःही फार जुनी नाही. पूर्वी प्रत्येक विधी विद्यापीठ आपली स्वतंत्र परीक्षा घेई, आणि विद्यार्थी एका शहरातून दुसऱ्या शहरात अर्ज व प्रवासखर्च भरीत फिरत. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याविरुद्ध याचिका दाखल झाली, आणि २००८ मध्ये सात विद्यापीठांची पहिली सामायिक परीक्षा झाली. २०२० पासून उताऱ्यांची पद्धत आली. पुढे १५० प्रश्नांचे १२० झाले. मे-जूनची परीक्षा डिसेंबरात गेली, त्यामुळे २०२२ या एकाच वर्षात ती दोनदा, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये, घेतली गेली. पुन्हा बसणाऱ्याने म्हणूनच जुन्या पुस्तकांवर विसंबू नये.

डिसेंबरातील या तारखेचा एक लाभ आहे, आणि तो आमच्यासारख्या कुटुंबांच्या सहसा ध्यानात येत नाही. निकाल लागतो तेव्हा बारावीची परीक्षा अद्याप पुढे असते. राज्याची विधी सीईटी त्यानंतर उन्हाळ्याच्या सुमारास होते. ती मराठीतूनही देता येते, आणि तिच्यात चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत. म्हणजे ज्या मुलीचे ३२ प्रश्न केवळ इंग्रजी वाचनाच्या संथपणाने राहिले, तिला त्याच वर्षी, तिच्या भाषेत, दुसरे दार उघडे आहे. क्लॅटमधील अपयशाच्या आठवड्यातच ‘थांबायचे’ असा निर्णय घेऊन बारावी व सीईटी या दोहोंकडे दुर्लक्ष करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून हळहळ वाटते. निर्णयाची खरी मुदत जुलै-ऑगस्टपर्यंत असताना त्यांनी तो डिसेंबरातच रागाच्या भरात दिलेला असतो.

“नागपूरचं मोठं विद्यापीठ नाही भेटलं तर वकील होता येते का?” असे बापाने मध्येच विचारले. अवश्य होता येते. नागपूरचे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ उत्तम आहे, तेथील ग्रंथालय, अध्यापक आणि पुढे उघडणारी दारे यांचे मोल कमी लेखू नये. परंतु तेथील खर्च लाखांच्या हिशेबात मोजावा लागतो, आणि अनुसूचित जमातीच्या किंवा अल्प उत्पन्नाच्या विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीची खातरजमा प्रवेशाआधी करून घ्यावी. चंद्रपूरला शांताराम पोटदुखे विधी महाविद्यालय आहे. तेथून पदवी घेतलेल्यास आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातून पदवी घेतलेल्यास वकिलीची सनद एकच मिळते. वंचित घरांतील मुलांना क्लॅट परीक्षेस तयार करण्यासाठी प्राध्यापक शामनाद बशीर यांनी २०१० मध्ये ‘इडिया’ ही संस्था सुरू केली. बशीर २०१९ मध्ये वारले, पण संस्था चालू आहे, आणि तिच्याकडून निवड झाल्यास शिकवणीचा भार हलका होतो.

आणि तरीही या मुलीने ते मोठे दार पुन्हा ठोठावावे असे मला वाटले, याचे कारण आमच्या गडचिरोली जिल्ह्यातच आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो देशातील अगदी पहिल्या दाव्यांपैकी होता. परंतु त्या हक्काच्या बांबूची विक्री करण्यासाठी वाहतुकीचा परवाना मिळण्यास २०११ उजाडले, आणि तोही तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा. कायद्यात लिहिलेले आणि हातात पडलेले यांच्यामध्ये दोन वर्षे गेली. असे दावे आज गावोगाव आहेत, आणि ते ज्या समित्यांपुढे, न्यायालयांपुढे चालतात तेथे इंग्रजी उतारा एकदाच वाचून त्यातील नियम अचूक उचलणारी, आणि तरीही कुळाच्या पराभवाने अस्वस्थ होणारी व्यक्ती आमच्या बाजूस फार थोड्या वेळा उभी असते. मी अर्ज लिहून देऊ शकतो. युक्तिवाद करू शकत नाही.

मार्कंड्याची कथा येथील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे: ज्याला सोळाच वर्षांचे आयुष्य नेमून दिले होते त्या ऋषिकुमाराने शिवलिंगाला मिठी मारली आणि मुदत वाढवून घेतली. ज्या गावचे दैवतच मुदतवाढीचे आहे तेथे एका मुलीने एक वर्ष मागितले तर त्यात लाजेचे काय, असे मी बापाला म्हटले. तो हसला नाही. विचार करीत राहिला. मग त्याने स्पष्ट सांगितले, की सीईटीपर्यंत तो थांबेल. त्यात बरे महाविद्यालय मिळाले तर मुलीने तिथे जावे. न मिळाले तर गडचिरोलीच्या महाविद्यालयात बी. ए.ला नाव घालावे आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा बसावे, म्हणजे विचारणाऱ्यांना सांगायला घरात काही तरी राहील. मला यात सुधारणा करण्यासारखे काही दिसले नाही.

मुलगी तोवर वही घेऊन ओसरीच्या टोकाला उन्हात जाऊन बसली होती. न वाचलेल्या तर्काच्या उताऱ्यांपैकी पहिला तिने काढला, बापाचे मनगटी घड्याळ मागून घेतले आणि वाचू लागली. संपवून तिने समासात वेळ लिहिली: सहा मिनिटे दहा सेकंद. पाच प्रश्न होते. चार बरोबर आले. तिने वही मिटली नाही, पान उलटले.