पोवाड्याचे मूळ आपल्याच खोऱ्यात

बियाणे घेताना ते कुठले, कोणाकडून आले, हे आपण आधी विचारतो. पोवाड्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. महाड-पोलादपूरकरांनी तरी विचारावे, कारण त्याची पेरणी आपल्याच आसपास झाली आहे.

उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानतात तो अज्ञानदासाचा, अफझलखानाच्या वधाचा. ती घटना १० नोव्हेंबर १६५९ ची, प्रतापगडाच्या पायथ्याची. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की तो गड लागतो. दुसरा प्रसिद्ध पोवाडा तुळशीदास शाहिराचा, तानाजी मालुसऱ्यांवरचा. त्यातले रायबाचे लग्न मांडले आहे ते पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला. तानाजींची समाधीही तिथेच आहे.

आता एक गंमत पाहा. सिंहगडाचा कडा चढवणारी घोरपड पोवाड्यात आहे, पण राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत ती नाही. तिथे मावळे वानरांसारखे चढतात. लढाई झाली ४ फेब्रुवारी १६७० रोजी. सिंहगड हे नाव मात्र १६६३ च्या पत्रातच सापडते. म्हणून पोवाडा टाकाऊ ठरतो का? मुळीच नाही. डफ-तुणतुण्यावर रात्रभर गाणाऱ्या गोंधळ्याला समोरची माणसे जागी ठेवायची असत. ज्या प्रसंगाला माना डोलत, तो पुढच्या गावी वाढे. लढाई कशी झाली ते बखरीत आणि पत्रांत शोधावे. लोकांना त्यातले काय भावले, ते पोवाड्यात.

हे सारे दोन शतके मुख्यतः तोंडीच चालले. अॅक्वर्थ नावाचा इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गोंधळ्यांकडून पोवाडे उतरवून घेतले आणि १८९१ मध्ये छापले. जे त्यांच्या कानी आले नाही, ते बहुतेक गाणाऱ्यांबरोबरच गेले.

तुमच्या वाडीत अजून कोणी आजोबा किंवा आजी जुना पोवाडा म्हणत असतील, तर मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि वहीतही उतरवा. गाणाऱ्याचे नाव, गाव, कोणाकडून शिकले आणि तारीख लिहायला विसरू नका. एखादा शब्द चुकीचा वाटला तरी पुस्तकात पाहून सुधारू नका. कदाचित तोच जुना असेल. भाताची झोडणी उरकली की संध्याकाळी थोडी सवड मिळते. तेव्हा बसा.