जुनी चाल, नवे शिक्षण

मधमाशीला वास ओळखण्यास शिकविणे हा कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील नेहमीचा प्रयोग आहे. आधी वास आणि दोन-तीन सेकंदांत साखरपाणी दिले, तर काही फेऱ्यांनंतर ती केवळ वासावर सोंड बाहेर काढते. हाच क्रम उलटा केला, तर ती जवळजवळ काहीच शिकत नाही. बक्षिसाइतकेच महत्त्व वेळेला असते. चारशे किलोंच्या घोड्यालाही हे सूत्र लागू पडते. उत्तर अमेरिकेतील स्टँडर्डब्रेड घोड्यांना शर्यतीनंतर ड्रेसाज, म्हणजे शिस्तबद्ध कवायती घोडेस्वारी, शिकविताना त्याचा प्रत्यय येतो.

हे घोडे हलक्या दुचाकी गाडीला जुंपून पळविले जातात. १८७९ मध्ये या जातीच्या नोंदणीसाठी एक मैल अंतर २ मिनिटे ३० सेकंदांत कापण्याचे प्रमाण ठरले. त्यावरून जातीला हे नाव मिळाले. काही घोडे दुडक्या चालीने धावतात, त्यात तिरकस जोडीचे पाय एकत्र उचलले जातात. इतर घोडे ‘पेस’ चालीने धावतात, त्यात एकाच बाजूचे दोन्ही पाय एकत्र पडतात. शर्यतीत चौखूर उधळणे ही चूक मानली जाते; चालक घोड्याला तत्काळ आवरतो. शिवाय या जातीत सर्रास आढळणारा डीएमआरटी-३ जनुकातील बदल पेस चालीला पूरक असून दुडकीतून चौखूर चालीत जाणे अवघड करतो, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले.

ड्रेसाजमध्ये मात्र संथ चौखूर चाल, म्हणजे कँटर, आवश्यक असते. म्हणून असा घोडा कँटर घेत नसेल, तर तो हट्टी नव्हे. तो शिकविलेलेच प्रामाणिकपणे करीत असतो. चाबकाने ही अडचण सुटत नाही.

प्रथम पशुवैद्यकाकडून पाय, पाठ, खूर व दात तपासून घ्यावे लागतात. घोड्याला मागून येणारा आवाज व लांब लगाम परिचित असतात, म्हणून सुरुवात जमिनीवरून लांब लगामानेच करतात. पाठीवरील वजन आणि कुशीला लागणारी टाच त्याला नवी असते. तिची ओळख हळूहळू करून दिली जाते. तेथील शर्यती डावीकडे वळत होतात, त्यामुळे उजवीकडे वळण्याचा सराव वेगळा द्यावा लागतो. जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून चालविल्याने पेसची लय मोडून दुडकी सुधारते. कँटरची पहिली दोन-तीन पावले पडताच लगाम सैल करून शाबासकी द्यायची आणि तेथेच थांबायचे. घाई केल्यास घोडा दुडकीचाच वेग वाढवितो.

गाडी ओढून झालेल्या जनावराला दुसरे काम जमले, तर त्याचे पुढील आयुष्य सुरक्षित होण्याची शक्यता वाढते. या परिश्रमाचे मोल त्यात आहे.

आपल्याकडील बैलालाही हाच न्याय लागू होतो. शर्यतीत पळालेला बैल नांगराला संथ चालत नसेल, तर त्याला दोष देण्यापूर्वी आधी काय शिकविले होते, हे आठवावे. योग्य पाऊल पडताक्षणीच कासरा सैल सोडावा. उशिरा केलेले कौतुक जनावराला उमगत नाही. वेळेवर सैल झालेला कासरा मात्र उमगतो.