जमा आणि नावे यांच्या मधला क्षण

पेढीवरचा जुना कारकून संध्याकाळी कीर्द मिटविण्यापूर्वी जमेचा व नावेचा मेळ घालीत असे. एका पैशाचा फरक निघाला तरी दिवे लावून तो शोधला जाई. आज ती कीर्द नाहीशी झाली आहे. मेळ मात्र उरला आहे, आणि तो राखण्याची जबाबदारी मोठ्या बँकेतील सॉफ्टवेअर इंजिनिअरकडे आली आहे.

हा अभियंता नित्य नव्या आज्ञावल्या रचीत असेल, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः त्याच्या दिवसाचा मोठा भाग दुसऱ्या कोणी पूर्वी लिहून ठेवलेले वाचण्यात आणि त्यातील एखादा अंश बाकीच्याला धक्का न लावता बदलण्यात जातो. 1959 साली आखण्यास आरंभ झालेली कोबोल ही संगणकभाषा जगातील कित्येक बँकांत अद्यापि चालू आहे. ती लिहिणारे निवृत्त झाले. तिच्यावर चालणारी खाती निवृत्त होत नाहीत.

या कामातील खरी अडचण एका साध्या व्यवहारावरून कळेल. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीला तिचे वडील 500 रुपये पाठवितात. वडिलांच्या खात्यात रक्कम नावे पडली, आणि मुलीच्या खात्यात जमा होण्याच्या आतच यंत्र अडले, तर? दोन्ही खाती एकाच बँकेत, एकाच यंत्रणेत असतील तर मार्ग सोपा आहे: दोन्ही नोंदी एकत्र व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये. परंतु बँका दोन असल्या म्हणजे मध्ये निरोपांची ये-जा आली. 2016 पासून यूपीआयमुळे ही ये-जा भाजीवाल्याच्या गाडीपर्यंत पोहोचली आहे. उत्तर आले नाही, याचा अर्थ रक्कम पोहोचली नाही असा घ्यावयाचा, की रक्कम पोहोचली पण पोच वाटेत हरवली असा? रक्कम पुन्हा पाठवावी तर ती दोनदा जाण्याचे भय. म्हणून प्रत्येक व्यवहारास स्वतंत्र क्रमांक असतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद न करता पहिलेच उत्तर परत द्यावे, अशी व्यवस्था अभियंत्याने करावी लागते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019 मध्ये अशा अडकलेल्या रकमांना मुदती घालून दिल्या, आणि मुदत टळल्यास दर दिवशी 100 रुपये भरपाई ग्राहकाला न मागता द्यावी असे ठरविले.

बदल करताना काय घडू शकते, याचे उदाहरण ब्रिटनमधील टीएसबी बँकेने घालून दिले. एप्रिल 2018 मध्ये तिने आपली खाती नव्या यंत्रणेवर नेली. माहिती सुखरूप पोहोचली, यंत्रणाच कोसळली. सुमारे 19 लाख ग्राहकांना आपल्याच पैशापर्यंत पोहोचता येईना. 2022 मध्ये नियामकांनी बँकेस 4 कोटी 86 लाख पौंडांहून अधिक दंड केला.

म्हणूनच बँकेत एकाने लिहिलेला बदल दुसऱ्याने तपासल्यावाचून पुढे जात नाही. धनादेशावर दोन सह्या घेण्याच्या रिवाजाचाच हा नवा अवतार होय. तरुण अभियंत्यास ही दिरंगाई वाटते, आणि कधी कधी ती दिरंगाई असतेही.

नेमणुकीच्या मुलाखतीत मात्र या सावधपणाची परीक्षा क्वचितच होते. बहुतेक सरकारी बँकांसाठी आयबीपीएस ही संस्था स्पर्धापरीक्षा घेते. खाजगी व परदेशी बँका घड्याळ लावून कोडी घालतात. कोड्यांनी चपळाई कळते. परंतु हरवलेल्या पोचेचा प्रश्न टाकला, तर लगेच लिहू लागणारा कोण आणि ‘तो निरोप दुसऱ्यांदा आला तर काय करावयाचे?’ असे आधी विचारणारा कोण, हे पाच मिनिटांत उघड होते. दहा पैसे आणि वीस पैसे यांचा प्रश्नही असाच चांगला. रुपयाचे दशांश म्हणून ते नेहमीच्या अपूर्णांक-पद्धतीने संगणकाला मिळवावयास सांगितले, तर बेरीज नेमकी 0.3 न येता शेवटी किंचित जास्त येते, कारण संगणकाच्या द्विमान पद्धतीत एकदशांश पुरा लिहिताच येत नाही. ज्याला हे ठाऊक आहे तो रक्कम पूर्ण पैशांत मोजतो.

उमेदवारासही शेवटी प्रश्न विचारण्याची संधी मिळते, आणि बहुतेकजण ती रजा व बढती यांवर खर्चितात. शेवटचा फसलेला बदल मागे घेण्यास येथे किती वेळ लागला, आणि तो मागे घ्यावा हे कोणी ठरविले, एवढे त्याने विचारावे. समोरची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली, तर त्याने नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी दोन दिवसांची मुदत मागून घ्यावी.