एकच गाडी, तीन गावं

"मराठी विभागासाठी लिही" म्हटल्यावर मला घामच फुटला. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, म्हणजे डोक्यात विचारसुद्धा इंग्रजीत यायचे. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या!

२०२५ च्या उन्हाळ्यात दोन महिने इंटर्नशिपसाठी मी जर्मनीत, म्युनिकला होते. तिथे फिरायचं कसं, हे पुढे जाणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून सांगते.

पहिली गोष्ट, पास. 'डॉइचलांड टिकेट' हा महिन्याचा पास मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला. मी गेले तेव्हा ५८ युरो होता. मेट्रो (तिथे ऊ-बान), लोकल (एस-बान), ट्राम, बस आणि देशभरातल्या साध्या गाड्या, सगळं त्यात येतं. फास्ट 'आयसीई' मात्र नाही. पास आपोआप पुढच्या महिन्यात चालू राहतो. बंद करायचा तर १० तारखेच्या आत कळवावं लागतं.

म्युनिकच्या ऊ-बानला गेटच नाही. थेट आत जायचं. पण म्हणून फुकट समजू नका! साध्या कपड्यातले चेकर येतात आणि दंड ६० युरो. सुटं तिकीट घेतलंत तर बऱ्याचदा ते छोट्या मशीनमध्ये छापून घ्यावं लागतं. न छापलेलं तिकीट म्हणजे विदाउट तिकीट.

आता माझी फजिती. एका रविवारी आत्या आणि आतेभाऊ टेगर्नझे या तळ्याकाठच्या गावी कारने येणार होते, मी ट्रेनने. गाडीवर नाव बघितलं, बसले, डुलकी काढली. ती गाडी एक नव्हतीच! जोडलेले तीन भाग होते. होल्झकिर्खेनला एक भाग सुटून बायरिशत्सेलकडे जातो, पुढे शाफ्टलाखला उरलेल्याचे दोन होतात, एक लेंगग्रीसला, एक टेगर्नझेला. घोषणा झाली, पण जर्मनमध्ये. माझं फाडफाड इंग्रजी तिथे काय कामाचं? समोरच्या आजीबाईंनी माझ्या मोबाईलवरचं नाव वाचलं, मान हलवली आणि पुढच्या स्टेशनवर हाताला धरून मला उतरवलं. नंतर उलटी गाडी, पुन्हा होल्झकिर्खेन, पुन्हा वाट. बॅटरी ४ टक्के. तिकडे आत्या पोळीभाजीचा डबा घेऊन स्टेशनवर दीड तास ताटकळत होती. मला बघून रागावलीच नाही, नुसती रडली. तेव्हा लक्षात ठेवा, गाडीवरचं नाही, आपल्या डब्यावरचं नाव वाचायचं.

टॅक्सी हवी असेल तर फिक्या पिवळट रंगाच्या गाड्या. मीटरने पैसे, घासाघीस नाही. विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडत नाही, असो.

परत येताना कारने आलो. मी सवयीने डावीकडचं दार उघडलं तर समोर स्टिअरिंग! तिथे वाहतूक उजवीकडून. ऑटोबानवर बऱ्याच ठिकाणी वेगमर्यादा नाही, १३० चा फक्त सल्ला आहे. पण उजवीकडून ओव्हरटेक चालत नाही. वाटेत ट्रॅफिक जाम झाला, तर सगळ्यात डाव्या लेनमधल्या गाड्या डावीकडे सरकल्या, बाकीच्या उजवीकडे. मध्ये आपोआप रस्ता तयार! ॲम्ब्युलन्स मागे दिसायच्या आधीच. तसा कायदाच आहे तिथे.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी आपल्या एसटी स्टँडवर माझी रूममेट बोर्डाखाली उभी दिसली. ती चेन्नईची, तिला देवनागरी वाचता येत नाही. फर्स्ट इयरपासून ती बस कशी पकडते, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी बोर्ड वाचून दाखवला आणि ती बसमध्ये चढेपर्यंत थांबले.