एसएसडी कुठे कुठे बसू शकते?

२०२३च्या अखेरीस आसुस कंपनीने एक ग्राफिक्स कार्ड बाजारात आणलं आणि त्याच्या पाठीवर चक्क एसएसडी बसवायची जागा ठेवली. कल्पना विचित्र वाटते, पण तिच्यामागचा हिशेब चोख आहे. ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डवरच्या सोळा लेनच्या लांब पीसीआयई स्लॉटमध्ये बसतं. त्या कार्डावरची आरटीएक्स ४०६० टीआय ही चिप मात्र आठच लेन वापरते. उरलेल्या लेन एरवी पडूनच राहिल्या असत्या. त्यातल्या चार एसएसडीला दिल्या, आणि ग्राफिक्स कार्ड थंड ठेवणारी यंत्रणाच एसएसडीच्याही कामी आली.

एसएसडीचे बहुतेक चमत्कारिक अडॅप्टर याच तत्त्वावर चालतात. लेन म्हणजे डेटा पाठवण्या-घेण्याच्या चार बारीक तारा. पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीत एका लेनमधून सेकंदाला साधारण ९८५ मेगाबाइट डेटा जातो, चौथ्या पिढीत त्याच्या दुप्पट. आजची एनव्हीएमई, म्हणजे पीसीआयईवरून बोलणारी, एसएसडी अशा चार लेन मागते. मदरबोर्डवर कुठेही लेन मोकळी असेल, तर तिथपर्यंत एसएसडी नेता येते. तो स्लॉट मुळात कशासाठी ठेवला होता, हा प्रश्न दुय्यम आहे.

लॅपटॉपमधला वाय-फाय कार्डाचा छोटा स्लॉट घ्या. त्यालाही बहुधा एक लेन असते. तिथे एसएसडी जोडणारे अडॅप्टर मिळतात. वेग एका लेनपुरताच राहतो आणि वाय-फायसाठी यूएसबीची सोय करावी लागते, पण दुसरी ड्राइव्ह बसते. काही नव्या लॅपटॉपमध्ये मात्र त्या स्लॉटपर्यंत पीसीआयईच्या तारा आणलेल्याच नसतात. तिथे अडॅप्टर नेमका बसला, तरी एसएसडी दिसत नाही.

दुसऱ्या टोकाला एकाच लांब स्लॉटमध्ये चार एसएसडी बसवणारी कार्डं आहेत. त्यांतल्या स्वस्त कार्डावर चिप नसते; सोळा लेनचे चार-चारचे गट मदरबोर्डनेच पाडून द्यावे लागतात. ही सोय बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, नसेल, तर चारांपैकी एकच एसएसडी दिसते. वाटणी स्वतः करणारी स्विच चिप असलेलं कार्डही मिळतं, पण त्याची किंमत बरीच जास्त असते.

रॅमच्या शेजारीही एसएसडी गेली आहे. आसुसच्या मॅक्सिमस ९ एपेक्स या २०१७च्या मदरबोर्डवर रॅमसारखा दिसणारा एक खास स्लॉट होता. त्यात दोन एसएसडींची उभी पट्टी बसायची. त्याआधी व्हायकिंग कंपनीने रॅमच्या खऱ्याखुऱ्या स्लॉटमध्ये बसणारी एसएसडी काढली होती. ती रॅमच्या स्लॉटमधून फक्त वीज घ्यायची. डेटासाठी साटाची, म्हणजे हार्ड डिस्कला लावतात तशी, वेगळी केबल लावावी लागायची.

लोक फसतात ते एम.२ या आकारामुळे. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी ही पट्टी आपल्या परिचयाची आहे. पण तिच्यावरची ड्राइव्ह साटाची असू शकते किंवा एनव्हीएमईची. साटाचा वेग प्रत्यक्षात सेकंदाला ५५० मेगाबाइटच्या आसपास थांबतो. एनव्हीएमई तिसऱ्या पिढीतच साडेतीन हजारांपर्यंत जाते. दिसायला सारख्या असल्या, तरी दोघींची भाषा वेगळी आहे, आणि साधा अडॅप्टर दुभाष्या नसतो. तो फक्त एका जागच्या तारा दुसऱ्या जागी पोचवतो. म्हणून पीसीआयईच्या साध्या कार्डावर साटाची एम.२ एसएसडी लावली, तर ती दिसत नाही. भाषांतर हवं असेल, तर अडॅप्टरवर त्यासाठीची चिप लागते. एनव्हीएमई एसएसडी यूएसबीला जोडणाऱ्या बाहेरच्या डबीत अशी चिप असते.

उलटही घडतं. २०१३च्या अखेरीपासून २०१५पर्यंतच्या मॅकबुक प्रोमध्ये अॅपलने स्वतःचा वेगळा कनेक्टर वापरला, पण आतला मार्ग पीसीआयईचाच होता. त्यामुळे एक साधी, चिप नसलेली पट्टी लावून त्यात बाजारातली एनव्हीएमई एसएसडी बसते. अट एकच : मॅकओएस २०१७चं हाय सिएरा किंवा त्यानंतरचं हवं, कारण त्याआधीच्या मॅकओएसला अशी एसएसडी ओळखता येत नाही.

जुन्या डेस्कटॉपमध्ये अडचण येते ती सुरू होण्याची. एनव्हीएमईचं पहिलं मानक २०११चं, आणि त्या काळातल्या बायोसला ते माहीत नाही. अडॅप्टरवर लावलेली एसएसडी विंडोज १० किंवा लिनक्समध्ये नीट दिसते, पण संगणक तिच्यावरून सुरू होत नाही. अशा वेळी क्लोव्हरसारखा बूटलोडर पेन ड्राइव्हवर ठेवून काम भागतं. एवढा खटाटोप नको असेल, तर सरळ साटाची अडीच इंची एसएसडी घ्यावी. फिरत्या हार्ड डिस्कवर चालणाऱ्या जुन्या संगणकाला तिनेही मोठा फरक पडतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत अडॅप्टर घ्यायला जाल, तेव्हा तीन गोष्टी आधीच पाहून ठेवा. आपली एसएसडी साटाची की एनव्हीएमईची, हे तिच्या खाचांवरून न ठरवता लेबलवर वाचा. ज्या स्लॉटमध्ये ती लावायची, त्याला किती लेन आहेत, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघा. आणि संगणक तिच्यावरून सुरू करायचा आहे की तिथे फक्त फाइली ठेवायच्या आहेत, ते ठरवा. डेटाची दुसरी प्रत काढल्याशिवाय मात्र स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नका. एवढी काळजी घेतलीत, तर भंगारात निघालेला संगणक घरातल्या विद्यार्थ्याला आणखी काही वर्षं उत्तम साथ देईल. तो टाकून देण्याआधी एकदा उघडून बघाच.