गिटारवाल्याच्या पायाजवळची पेटी

ज्या घरात मुलगा किंवा मुलगी इलेक्ट्रिक गिटार शिकते आहे, त्या घरी एक ना एक दिवस नवी मागणी येतेच. गिटार झाली, तिच्यासाठी लहानसा अ‍ॅम्प्लिफायरही झाला. आता म्हणे 'प्रोसेसर' हवा. वडील विचारतात, हे आणखी काय काढलेस? मुलगा चित्र दाखवतो : चपटी काळी पेटी, तिच्यावर पायाने दाबायची तीन-चार बटणे, उजव्या अंगाला शिलाई यंत्राच्या पायट्यासारखी एक हलती फळी आणि मध्ये छोटासा पडदा. किंमत काही हजारांपासून थेट लाखाच्या पलीकडे. एवढे पैसे कशासाठी मोजायचे आणि मोजलेच तर ते वाया जाऊ नयेत म्हणून काय पाहायचे, याचा विचार आज करावयाचा आहे. विषय केवळ वादकांचा नाही. गणेशोत्सवात किंवा लग्नाच्या स्वागतसमारंभात आपण जो ऑर्केस्ट्रा ऐकतो, त्यातील गिटार कधी गोड लागते आणि कधी डोक्यात का जाते, याचे अर्धेअधिक उत्तर या पेटीत आहे.

प्रथम मूळ गोष्ट. सतारीला भोपळा असतो, साध्या गिटारला पोकळ पोट असते. इलेक्ट्रिक गिटारला बहुधा यांपैकी काहीच नसते, नुसते भरीव लाकूड. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक बसवलेले असते आणि त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. याला पिकअप म्हणतात. तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अत्यंत क्षीण वीज उत्पन्न होते. जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते, सर्वांत बारीक तार सुमारे ३३० वेळा, आणि वीजही तेवढ्याच वेळा मागेपुढे होते. म्हणजे नाद हवेत जाण्यापूर्वी काही काळ विजेच्या रूपाने आपल्या हाताशी असतो. त्या वाटेवर त्याला वळण देणारे साधन म्हणजे 'इफेक्ट', आणि अशी अनेक साधने एका पेटीत कोंबली की तो झाला प्रोसेसर.

यातील पहिले प्रसिद्ध वळण बिघाडातून जन्माला आले, ही मौजेची गोष्ट आहे. अमेरिकेत नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स या गायकाचे एक गाणे ध्वनिमुद्रित होत असता यंत्रातील दोषामुळे बास गिटारचा आवाज फाटून आला. गाणे १९६१ साली बाहेर पडले ते त्या फाटक्या आवाजासह, आणि लोकांना तोच आवडला. ग्लेन स्नॉडी या ध्वनितंत्रज्ञाने तसा आवाज मुद्दाम काढणारी पेटी बनवली. ती 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने १९६२ मध्ये बाजारात आली. तिला खरा भाव आला तो १९६५ साली, रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यानंतर.

फाटलेला आवाज कुणाला कसा आवडेल, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. त्यांनी तंबोऱ्याची आठवण करावी. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून आपण जवारी लावतो. मग तार घोडीच्या पृष्ठाला पुन्हा पुन्हा निसटता स्पर्श करते, आणि मूळ स्वराच्या अंगावर वरचे कितीतरी स्वर फुलून येतात. दोरा नसेल तर तोच तंबोरा मुका वाटतो. डिस्टॉर्शन म्हणून जो प्रकार आहे, त्यात विजेच्या लहरीचे माथे छाटले जातात आणि छाटलेल्या लहरीतून वरचे स्वर निघतात. कारण निराळे, पण फळ त्याच कुळातले. आणि जवारी जास्त उघडली की तंबोरा जसा झणझणू लागतो, तसेच इथेही होते; प्रमाण राखणे हा सगळा प्रश्न आहे.

पुढचा इतिहास झरझर सांगतो. पायाने हलवावयाचा, बाळाच्या रडण्यासारखा आवाज काढणारा 'वा-वा' पेडल १९६७ मध्ये विकावयास आला. एका गिटारच्या दोन गिटारी भासवणारा 'कोरस' बॉस कंपनीने १९७६ साली स्वतंत्र पेटीत आणला. अशा सुट्या पेट्या जमवता जमवता वादकाच्या पायाशी तारांचे जाळे झाले. १९८८ मध्ये बॉसनेच एमई-५ ही एकत्रित पेटी काढली. १९९८ साली लाइन सिक्स कंपनीच्या 'पॉड'ने निव्वळ परिणामच नव्हे, तर नामांकित अ‍ॅम्प्लिफायरांचे आवाजही गणिताने उभे केले. आजच्या पेट्या या सर्वांच्या वारसदार आहेत. त्या गिटारमधून आलेली वीज सेकंदाला बहुधा ४८ हजार वेळा मोजतात, आकड्यांवर गणित करतात आणि आकड्यांची पुन्हा वीज बनवतात. या हिशेबाला लागणारा वेळ चांगल्या पेटीत दोन-तीन सहस्रांश सेकंदांचा. ध्वनी हवेतून एका सहस्रांश सेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे आपण कर्ण्यापासून एखादे पाऊल मागे उभे राहिलो एवढाच काय तो फरक. त्याची चिंता करू नये.

आता निवड. दुकानदार सांगेल, यात दोनशे आवाज आहेत, त्यात तीनशे. या संख्येला माझ्या मते फारसा अर्थ नाही. दोनशे भाज्यांचे जेवण कोणी जेवत नाही. कार्यक्रमात वाजवणाऱ्याला चार-पाच आवाज लागतात, ते मात्र खात्रीचे हवेत. विचारावयाचा पहिला प्रश्न असा की, पेटीतून निघालेली तार पुढे कुठे जाणार? घरी कानावरच्या हेडफोनमध्ये, गिटारच्या स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, की मंडपातल्या मिक्सरमध्ये? आपल्याकडील ऑर्केस्ट्रात बहुधा शेवटचे घडते. आणि इथेच सर्वांत अधिक घोटाळा होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधील बारा इंची कर्णा हा खरे म्हणजे अपुरा कर्णा आहे. सेकंदाला पाच हजार आवर्तनांच्या वरचे स्वर तो फारसे बाहेर पडूच देत नाही. हा त्याचा दोष नसून गुण आहे, कारण डिस्टॉर्शनमधले कर्कश टोक तो गिळून टाकतो. मंडपातला कर्णा असा नसतो. गायकाचा 'स' आणि झांजेची किणकिण स्पष्ट यावी म्हणून तो वरचे सारे स्वर देतो. त्यात डिस्टॉर्शन तसेच सोडले, तर बाटलीत माशी कोंडल्यासारखा आवाज येतो. म्हणून प्रोसेसरमध्ये त्या अपुऱ्या कर्ण्याची नक्कल करणारा भाग असतो. त्याला कॅबिनेट सिम्युलेशन म्हणतात. नव्या पेट्यांत खऱ्या कर्ण्याचे मोजमाप घेऊन बनवलेली 'आयआर' फाइलही भरता येते. नियम सोपा : तार मिक्सरमध्ये किंवा हेडफोनमध्ये जात असेल तर ही नक्कल चालू, गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जात असेल तर बंद. दोन्हीकडे चालू ठेवली, तर अपुऱ्या कर्ण्यामागे अपुरा कर्णा येऊन घोंगडीआडून बोलल्यासारखे वाटते. नवी पेटी आणल्यावर 'आवाज बरोबर येत नाही' म्हणून ती परत करायला निघालेल्यांनी ही एक जागा आधी तपासावी.

कोणी म्हणेल, गिटार सरळ मिक्सरमध्येच का जोडू नये? जोडता येते, पण पिकअपची वीज इतकी नाजूक की मिक्सरच्या साध्या खोबणीतला सुमारे दहा हजार ओहमचा भार तिला सोसत नाही, आणि आवाज बोथट होतो. प्रोसेसरच्या तोंडाशी तो भार दहा लाख ओहमच्या घरात असतो, म्हणजे जवळजवळ नसल्यासारखाच.

दुकानात जाताना स्वतःची गिटार आणि ओळखीचे हेडफोन न्यावेत. तिथे पेटी सुरू करताच जो आवाज येतो, तो गोल घुमटात बसून वाजवल्यासारखा असतो. प्रत्येक स्वर लांबतो आणि साधा वादकही स्वतःवर खूश होतो. विक्रीसाठी ते ठीक आहे. आपण सर्व परिणाम बंद करून आधी एक स्वच्छ, कोरडा आवाज मागावा. तोच बरा नसेल तर पुढचा शृंगार व्यर्थ. मग डिले, म्हणजे प्रतिध्वनी, चालू करून एक सुरावट छेडावी आणि ती विरत असतानाच पायाने दुसरा आवाज निवडावा. काही पेट्या या क्षणी श्वास अडकल्यासारख्या गप्प होतात, काही मागचा प्रतिध्वनी पुरा विरू देतात. लावणीवरून एकदम डिस्को गाण्यावर जाणाऱ्या वादकाला हा अर्धा क्षण फार महागात पडतो. बटणांमध्ये अंतर किती आहे, बुटाने एकाच वेळी दोन तर दाबली जात नाहीत ना, हेही पाहावे. पैसे बेताचे असतील तर मी आवाजांची संख्या कमी आणि बटणे अधिक असलेली पेटी घेण्याचा सल्ला देईन.

मांडणीचा क्रम ठरलेला आहे असे नव्हे, पण रूढ क्रमामागे कारण आहे. वा-वा आणि कॉम्प्रेसर आधी, मग डिस्टॉर्शन, मग अ‍ॅम्प्लिफायर व कर्ण्याची नक्कल, नंतर कोरस, त्यानंतर प्रतिध्वनी आणि शेवटी रिव्हर्ब म्हणजे दालनाचा घुमारा. प्रतिध्वनी डिस्टॉर्शनच्या आधी ठेवला तर काय होते? विरत जाणाऱ्या प्रत्येक प्रतिध्वनीचाही माथा छाटला जातो, त्यामुळे तो विरतच नाही. नवा स्वर आणि जुना प्रतिध्वनी सारख्याच जोराने एकमेकांच्या अंगावर पडतात. क्वचित कुणाला हा गोंधळच हवा असतो, तो भाग वेगळा. प्रतिध्वनीचे अंतर लयीशी जुळले पाहिजे. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ५०० सहस्रांश सेकंदांची, पाऊण मात्रा ३७५ ची. हे गणित करावे लागू नये म्हणून बहुतेक पेट्यांत 'टॅप'ची सोय असते : पायाने ठेका धरा, पेटी अंतर लावून घेते. तबलजीशी भांडण नको असेल तर ही सोय जरूर वापरावी.

यानंतरची अडचण कानाची आहे. मुलगा रात्री घरी हळू आवाजात बसून सुंदर आवाज तयार करतो, आणि मंडपात तोच आवाज धबधबीत व टोचरा होतो. पेटी तीच, गिटार तीच. मग बिघडले काय? १९३३ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसाचा कान कोणता स्वर किती जोराने ऐकतो याची मोजणी प्रसिद्ध केली. नाद हळू असताना कान खर्जाला फार कमी दाद देतो, अगदी वरच्या टोकालाही काहीशी कमीच देतो. नाद मोठा झाला की ही तफावत घटते. घरी जो खर्ज पुरेसा वाटावा म्हणून वाढवला, तो मंडपात उतू जातो. उपाय एवढाच की, कार्यक्रमापूर्वी एकदा तरी मोठ्या कर्ण्यावर, बाकीच्या वाद्यांसह, सर्व आवाज पुन्हा लावावेत. खर्जात बास गिटार आणि ढोल आहेतच. गिटारची जागा मधल्या पट्ट्यात, तिथे तिला मोकळे सोडावे. त्याच वेळी सगळ्या आवाजांची पातळी एकमेकांशी जुळवून घ्यावी. नाहीतर प्रत्येक गाण्याला मिक्सरवाल्याची धांदल उडते आणि तो वैतागून गिटार खाली ओढून ठेवतो ती कार्यक्रम संपेपर्यंत.

शेवटी विजेविषयी, आणि हा भाग श्रोत्यांनी, विशेषतः मंडळांच्या कार्यकर्त्यांनी, लक्ष देऊन ऐकावा. गिटारच्या तारा पिकअपच्या केबलच्या आवरणामार्फत प्रोसेसरला, तेथून मिक्सरच्या धातूच्या पेटीला आणि तिच्यामार्फत अर्थिंगला जोडलेल्या असतात. म्हणजे वादकाचा हात अर्थिंगवर असतो. समोरचा मायक्रोफोन दुसऱ्या, अर्थिंग नसलेल्या यंत्राला जोडलेला असेल आणि त्यात वीज उतरली असेल, तर ओठ मायक्रोफोनला लागताच ती वादकाच्या शरीरातून वाहते. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वी हा स्कॉटिश गिटारवादक श्रोत्यांदेखत असाच दगावला. अर्थिंग नसलेला मायक्रोफोन त्याने हाती धरला होता. आपल्या मंडपात तात्पुरती जोडणी, ओली जमीन आणि २३० व्होल्ट, हे सारे एकत्र असते. गिटारमधून घूं घूं आवाज येतो म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा उपाय काही जण करतात. आवाज जातो खरा, पण त्याबरोबर संरक्षणही जाते. त्याऐवजी बऱ्याच पेट्यांवर 'ग्राउंड लिफ्ट' नावाचे बटण असते. ते मिक्सरकडे जाणाऱ्या ध्वनीच्या केबलपुरतेच आवरण तोडते, विजेच्या प्लगला हात लावत नाही. ते वापरावे. रंगमंचावरची सर्व यंत्रे एकाच जोडणीवर घ्यावीत आणि तिला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवण्याचा आग्रह मंडळाकडे धरावा. तारांना किंवा मायक्रोफोनला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटले, तर त्या क्षणी वाजवणे थांबवून विजेच्या माणसाला बोलवावे, मग गाणे कितीही रंगलेले असो.

अ‍ॅडॅप्टरची गोष्ट राहिली. बहुतेक लहान पेट्या ९ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्या पिनेचा मध्य ऋण असतो. घरातल्या दुसऱ्या एखाद्या उपकरणाच्या सारख्या दिसणाऱ्या अ‍ॅडॅप्टरचा मध्य धन असू शकतो. परदेशाहून भावाने पाठवलेल्या पेटीबरोबरचा अ‍ॅडॅप्टर १२० व्होल्टचा आहे की १०० ते २४० व्होल्टचा, हे त्यावरील बारीक अक्षरात लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय तो भिंतीत खोचू नये. एक जादा अ‍ॅडॅप्टर पिशवीत असू द्यावा, आणि तयार केलेले आवाज संगणकावर उतरवून ठेवावेत; गणपतीच्या दहा दिवसांत दुरुस्तीचे दुकान उघडे सापडत नाही.