असं का? : चिमुकल्या बाटलीची अनामत

रस्त्याकडेला बिअरची रिकामी बाटली दिसली की भंगारवाला उचलतो. पण ५० मिलिलिटरची दारूची प्लास्टिकची चिमुकली बाटली तशीच पडून राहते. अमेरिकेत तिला 'निप' म्हणतात.

ती कचऱ्याच्या डब्यात टाकली तरी फारसं साधत नाही. वर्गीकरण केंद्रात सुका कचरा फिरत्या चकत्यांवरून पुढे सरकतो. चाळणीतून माती गळावी तशा फुटक्या काचा फटींतून खाली पडतात. निपही इतकी लहान, की काचांबरोबर तीही गळते. प्लास्टिक पुनर्वापराजोगं, पण पोचतं भलत्याच ढिगात!

उपाय एकच: तिला चाळणीवर जाऊच द्यायचं नाही. अमेरिकेच्या मेन राज्यात १९७८पासून बाटल्यांवर अनामत आहे. २०१९पासून निपवरही ५ सेंट घेतात आणि रिकामी बाटली केंद्रावर दिली की परत करतात. राज्यपालांचा याला विरोध होता. विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार मोडून कायदा केला.

कनेटिकट राज्यानेही २०२१पासून निपवर ५ सेंटच लावले, पण ते ग्राहकाला परत मिळत नाहीत. गावांना सफाईसाठी मिळतात. पैसा जमतो खरा, पण बाटली उचलायला कुणी वाकत नाही. मला मेनचीच रीत शहाणपणाची वाटते.